ताऱ्यांचा ताप मोजणारा

मी कला शाखेचा विद्यार्थी. पदार्थविज्ञानाशी माझे नाते दहावीच्या गुणपत्रिकेबरोबरच संपले. तरीही मेघनाद साहांवर लिहायला बसलो आहे, आणि त्याचे कारण त्यांचे समीकरण नसून त्यांचे जेवणाचे ताट आहे.

साहांचा जन्म १८९३ सालचा, ढाक्याजवळच्या खेड्यातला. वडिलांचे लहानसे दुकान. पोराने शिकण्यापेक्षा गल्ल्यावर बसावे अशी त्यांची इच्छा. थोरल्या भावाने एका डॉक्टरांकडे राहण्याची सोय लावली म्हणून पुढची शाळा झाली. अट एवढीच, की आपली भांडी आपण घासायची आणि गाय सांभाळायची. जात आडवी येत होती ना! पुढे ढाक्याला शिष्यवृत्ती मिळाली, तर बंगालच्या फाळणीविरुद्धच्या बहिष्कारात सामील झाल्याबद्दल शाळेने काढून टाकले. शिष्यवृत्तीही गेली.

१९११ साली ते कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. वर्गमित्र सत्येंद्रनाथ बोस, शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय. असे भाग्य कुणाला लाभते? पण ईडन हिंदू वसतिगृहातल्या उच्चवर्णीय मुलांना हा मुलगा आपल्या पंगतीला नको होता. त्याला वेगळे बसून जेवावे लागे. हे वाचले आणि मी पुस्तक मिटले. माझ्या आजोबांना गावच्या हॉटेलात चहा वेगळ्या कपबशीत मिळे आणि ती कपबशी विसळून त्यांनाच कोनाड्यात ठेवावी लागे. ते हे सांगताना हसत. मला कधी हसू आले नाही.

साहा एम. एस्सी. झाले गणितात, पदार्थविज्ञान शिकले ते बहुतांशी शिकवता शिकवता. १९१७ साली त्यांनी एक लेख अमेरिकन मासिकाकडे पाठवला. छपाईच्या खर्चाचा वाटा द्या, असे उत्तर आले. पैसे कुठले असणार? तो लेख कलकत्त्यातच, फारसे कुणी वाचत नाही अशा जागी छापला गेला.

१९२० साली मात्र त्यांचे नाव झाले. ताऱ्यांच्या प्रकाशात काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. मग वेगवेगळ्या ताऱ्यांत वेगवेगळ्या रेषा का? ते तारे वेगळ्या द्रव्यांचे आहेत काय? साहांनी दाखवले की उष्णतेने अणूतला इलेक्ट्रॉन निसटतो आणि असा इलेक्ट्रॉन गमावलेला अणू निराळ्या रेषा उमटवतो. तापमान जास्त आणि दाब कमी, तितके असे अणू अधिक. म्हणजे रेषा पाहून ताऱ्याचा ताप सांगता येतो! सूर्यावर न दिसणारे रुबिडियम तुलनेने थंड अशा सौरडागांत सापडेल, हे त्यांचे भाकीतही खरे ठरले. याच समीकरणाच्या आधारे १९२५ साली सिसिलिया पेन यांनी तारे मुख्यतः हायड्रोजनचे असल्याचे दाखवले. एवढ्याशा इलेक्ट्रॉनने एवढे आकाश उघडावे, याचे मला अजून नवल वाटते.

१९२७ मध्ये रॉयल सोसायटीचे सभासदत्व, अलाहाबादची पंधरा वर्षे, मग कलकत्त्यात अणुकेंद्र विज्ञानाची संस्था, हे सारे विश्वकोशात मिळेल. १९५२ साली ते अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून आले, याची आठवण आपले प्राध्यापक फारशी काढत नाहीत.

१६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कचेरीकडे जाताना ते वाटेतच कोसळले. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सुचवलेली दिनदर्शिका वर्षभराने, १ चैत्र शके १८७९ या दिवशी लागू झाली. घरच्या कॅलेंडरवर तारखेखाली बारीक अक्षरांत भारतीय सौर दिनांक छापलेला असतो ना, तो त्यांचा.