विश्लेषण : बाप्तिस्म्यानंतरही पंडिता रमाबाईंना ‘कृपा’ उमगायला आठ वर्षे का लागली?

ख्रिस्ती शिकवणीत तारण कमवायचे नसते, ते देवाच्या कृपेने मिळते. ऐकायला सोपी वाटणारी ही गोष्ट पंडिता रमाबाईंना बाप्तिस्मा घेतानाही पूर्ण पटली नव्हती. नेमके काय घडले होते?

पुण्यासाठी पायपीट

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले. रमाबाई ते आईकडून शिकल्या. हे कुटुंब पायी तीर्थयात्रा करायचे, पुराणे सांगायचे. उपास, स्नाने, दानधर्म सारे पुण्य जोडण्यासाठी. जवळचा पैसा संपला आणि १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील व थोरली बहीण दगावली. रमाबाई भावासोबत चालत राहिल्या. १८७८ मध्ये कोलकात्यात त्यांना ‘पंडिता’ ही पदवी मिळाली.

बाप्तिस्मा झाला, पण...

१८८२ मध्ये पतीचे निधन झाले. पुढच्या वर्षी त्या लहानग्या मनोरमासह इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र चर्चची सगळी मते त्यांनी निमूट स्वीकारली नाहीत. पत्रांतून वाद घातले. आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त नाही, असे त्यांना पुढे वाटू लागले.

कृपा म्हणजे काय?

इफिसकरांस पत्रातील शिकवण अशी : तारण ही देवाची देणगी, ती विश्वासाने स्वीकारायची, कर्माच्या बळावर ती मिळत नाही, म्हणून कुणी फुशारकी मारू नये. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. धर्मगुरू झाल्यावर कित्येक वर्षांनी त्याला हे उमगले होते. रमाबाईंना त्यात आपलीच अडचण दिसली. पुण्याचा हिशेब त्यांनी तिथेच थांबवला.

मग इतके काम कशासाठी?

तारण फुकट, तर राबायचे का? या शिकवणीनुसार सेवा ही तारणाची किंमत नसून कृतज्ञता असते. ‘शारदा सदन’ १८८९ मध्येच सुरू झाले होते. धर्मांतराच्या संशयावरून १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई थांबल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या. त्यातून केडगावचे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. (हे केडगाव दौंड तालुक्यातले, अहिल्यानगर शहरालगतचे वेगळे.) १९०० च्या दुष्काळानंतर तिथे जवळपास दोन हजार जणींना आसरा होता.

शेवटची वर्षे त्यांनी बायबलच्या सोप्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचे निधन झाले. तिथली संस्था आजही सुरू आहे.