नीतिमान उद्योगाचा पाया : जमशेटजी टाटा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी व्यापारातील नीती या विषयावर लिहावे, अशी आज्ञा विश्वस्त मंडळाकडून झाली. आपल्या समाजातील श्रेष्ठींची चरित्रे अन्य बंधू लिहितीलच. मी मात्र जाणीवपूर्वक एका पारशी गृहस्थाची निवड केली आहे. गुण जेथे दिसेल तेथे त्याची अनुमोदना करावी, ही आपलीच शिकवण आहे. शिवाय मी कापडाचा व्यापारी. मोठ्या कारखान्यात हजारो माणसांकडून एकाच सचोटीने काम कसे करवून घ्यावे, याचा पहिला धडा या देशात एका कापड गिरणीतच गिरवला गेला, असे माझे मत आहे.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी नवसारी येथे एका पारशी धर्मगुरूंच्या घराण्यात झाला. वडील नसरवानजी यांनी पौरोहित्य सोडून मुंबईत व्यापार मांडला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातील शिक्षण संपवून १८५८ च्या सुमारास जमशेटजी पेढीवर आले. त्या पेढीचा चीनशी कापसाबरोबरच अफूचाही व्यापार होता, हे येथे लपविण्याचे कारण नाही. त्या काळी तो कायदेशीर होता व अनेक नामांकित पेढ्या तो करीत; तरी अहिंसाव्रती वाचकास तो रुचणार नाही, मलाही रुचत नाही.

त्यांच्या आयुष्यातील खरी कसोटी १८६५ साली आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्याच समाजातील शेठ प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे अनभिषिक्त राजे होते. टाटा पेढी त्यांच्याशी भागीदारीत लंडनला एक हिंदी बँक काढणार होती व त्यासाठी तरुण जमशेटजी तेथे पोहोचले. इतक्यात युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील असंख्य पेढ्या बुडाल्या. जमशेटजींच्या हाती असलेल्या हुंड्यांचे मोल कागदाएवढेच राहिले. परक्या देशात, वयाच्या अवघ्या सव्विसाव्या वर्षी, दारात धनको उभे!

अशा वेळी अनेकांनी तोंड लपविले असते. जमशेटजींनी सर्व हिशेब धनकोंपुढे उघडे करून ठेवले. येणे किती, देणे किती, पेढीची खरी स्थिती काय, यातील काहीही झाकले नाही. परिणाम असा झाला की धनकोंनी त्यांनाच त्यांच्या व्यवहाराचा निकालकर्ता नेमले आणि दरमहा वीस पौंड वेतन ठरवून दिले. बुडीत पेढीचा निकाल लावण्यासाठी धनको ऋणकोच्याच मुलावर विसंबतात, याहून मोठे प्रशस्तिपत्र व्यापाऱ्यास कोणते मिळणार? मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, ताळेबंद पुष्कळ वाचले. पण ताळेबंदाचे खरे मोल त्यावर सही करणाऱ्या माणसात असते, हे या प्रसंगाने मला पटले. देणी फेडण्यासाठी नसरवानजींना मुंबईतील राहते घरही विकावे लागले. पुढे १८६८ च्या ॲबिसिनिया मोहिमेत सैन्याला रसद पुरविण्याच्या मक्त्यामुळे घराणे सावरले.

इंग्लंडमधील गिरण्यांचा अभ्यास करून परतल्यावर जमशेटजींनी मुंबई सोडून नागपूरची निवड केली. कापूस तेथे जवळ, बाजारपेठ जवळ. १८७४ साली पंधरा लाख रुपयांच्या भांडवलाने कंपनी स्थापन झाली. रेल्वे स्थानकाजवळ जुम्मा तलावालगत दलदलीची जागा घेऊन ती भरावास काढली, तेव्हा एका मारवाडी सावकाराने हा मनुष्य जमिनीत सोने पुरतो आहे, असे म्हणून पैसे देण्याचे नाकारले होते. पुढे त्यालाच आपली चूक कबूल करावी लागली. १ जानेवारी १८७७ रोजी, राणी व्हिक्टोरियाने हिंदुस्थानची सम्राज्ञी हे पद धारण केल्याच्याच दिवशी, गिरणी सुरू झाली आणि तिला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. कारभारासाठी त्यांनी रेल्वेतील बेजनजी दादाभाई मेहता यांस आणले. बेजनजींना गिरणीतले काही ठाऊक नव्हते. परंतु माणसे ओळखणे व सांभाळणे त्यांना साधत होते.

पहिली अडचण कामगारांच्या गैरहजेरीची होती. शेतीवर पोसलेला माणूस मन मानेल तेव्हा कामावर येई. दंड करणे सोपे होते व इतरत्र तेच चाले. एम्प्रेसने वार्षिक बक्षीस समारंभ सुरू केला. नियमित व चोख काम करणाऱ्यास सर्वांसमक्ष गौरवून भेटवस्तू दिल्या जात. दमट हवेसाठी व वायुवीजनासाठी यंत्रे बसविली, आग विझविण्यासाठी पाण्याचे फवारे बसविले. १८८६ साली निवृत्तिवेतनाचा निधी, १८९५ साली अपघातग्रस्तास नुकसानभरपाई. सरकारचा भरपाईचा कायदा १९२३ साली व भविष्यनिर्वाह निधीचा १९५२ साली झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या माणसाची दृष्टी कळते. अर्थात त्या काळच्या गिरण्यांतील कामाचे तास आजच्या मानाने फारच लांब होते. एम्प्रेस त्यास अपवाद होती, असे मला म्हणायचे नाही.

आता एक बाब सविस्तर सांगतो, कारण तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्या काळी गिरणीचे मॅनेजिंग एजंट उत्पादित मालावर पौंडामागे पाव आणा दलाली घेत. गिरणीला नफा होवो वा तोटा, एजंटाची दलाली ठरलेली. साहजिकच माल खपो न खपो, चाती फिरत्या ठेवण्यातच त्यांचा लाभ होता. १८८६ साली जमशेटजींनी कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांत घेतली, तिला स्वदेशी मिल हे नाव दिले आणि तेथे दलाली नफ्याच्या दहा टक्के अशी ठरविली. म्हणजे नफा नाही तर एजंटालाही काही नाही. गिरणी तर अगदी खिळखिळी निघाली. सुताविषयी तक्रारी येऊ लागल्या, भागधारक हवालदिल झाले. बँकांनी हात आखडता घेतला, तेव्हा जमशेटजींनी कुटुंबासाठी केलेला न्यास मोडला, एम्प्रेसचे काही भाग विकले आणि नागपूरची उत्तम माणसे कुर्ल्यास आणली. काही वर्षांत स्वदेशीचे सूत चीनच्या बाजारात नाव कमावून बसले.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो, त्यांत हीनाधिक मापे आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे अस्सलाच्या नावाखाली नकली माल देणे, हे दोन आहेत. त्याच काळात विलायती कापड खळ व चिनी माती भरून वजनदार केले जाई. ठाणातील तारांपेक्षा खळच अधिक, हा अनुभव आम्हा कापडवाल्यांना नवा नाही. पाव आणा दलालीला मी प्रतिरूपक व्यवहाराचीच बहीण समजतो. आमच्या धंद्यात सर्वांना ती मान्य होईलच, असे नाही.

पोलादाचा कारखाना पाहणे जमशेटजींच्या नशिबी नव्हते. तरी १९०२ साली त्यांनी पुत्र दोराबजींना पत्र लिहून कळविले की होणाऱ्या गावात रस्ते रुंद असावेत, सावलीची झाडे असावीत, खेळाची मैदाने व सर्व धर्मांच्या प्रार्थनास्थळांसाठी जागा राखावी. कारखान्याची जागाही तेव्हा ठरली नव्हती. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नौहाइम येथे त्यांचे देहावसान झाले. कंपनी १९०७ साली स्थापन झाली आणि तेथे आठ तासांचा दिवस १९१२ पासून लागू झाला. समूहाची लेखी आचारसंहिता मात्र १९९८ साली आली. तोवर ती चालीरीतीनेच पाळली जात होती.

एम्प्रेस मिल १९८६ साली राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली व २००२ साली बंद पडली. माझ्या वडिलांच्या दुकानात एम्प्रेसची धोतरे असत. गिऱ्हाईक घडी न उलगडताच ती घेऊन जाई.