थॉमस कपमधला थॉमस

आपल्या हॉस्टेलमध्ये रात्रीच्या जेवणानंतर बॅडमिंटन कोर्टवर नंबर लावून उभे राहणारे काही कमी नाहीत. त्यांना थॉमस कप म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. १५ मे २०२२ रोजी भारताने बँकॉकला इंडोनेशियाला ३-० असं हरवून तो कप पहिल्यांदा जिंकला. लक्ष्य सेन, श्रीकांत आणि सात्त्विकच्या जोडीला आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी, ही नावं सगळ्यांना पाठ आहेत. पण हा थॉमस कोण, असं मी चार-पाच जणांना विचारलं तेव्हा मजेशीर उत्तरं आली. एकाच्या मते ती रॅकेट बनवणारी कंपनी असावी. दुसऱ्याला तो कोणी तरी इंग्रज गव्हर्नर वाटला.

मी पडलो बुद्धिबळवाला. कॉमन रूमच्या कोपऱ्यात, पंख्याच्या खाली पट मांडून बसणाऱ्या जमातीतला. आम्हाला थॉमस ठाऊक असतो, पण तो वेगळाच. बुद्धिबळाच्या बहुतेक पुस्तकांत एक जगप्रसिद्ध डाव असतो आणि त्यात हरलेल्या खेळाडूचं नाव असतं थॉमस. हा हरलेला थॉमस आणि कपवाला थॉमस एकच, हे मला बरंच उशिरा कळलं. मग मी त्याच्या मागेच लागलो. जे हाती आलं ते सांगतो.

सर जॉर्ज अॅलन थॉमस यांचा जन्म १४ जून १८८१ चा, तुर्कस्तानात इस्तंबूलजवळच्या थेरापिया या गावचा. घराणं बॅरोनेटचं, म्हणजे पिढीजात सर ही पदवी चालवणारं. बुद्धिबळ घरातच होतं. आई लेडी एडिथ थॉमस ही त्या काळी पटावर बसणारी बाई. स्त्रियांसाठी भरलेल्या अगदी सुरुवातीच्या स्पर्धांपैकी एक १८९५ मध्ये हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी झाली आणि ती तिनेच जिंकली. मुलगा त्या वेळी चौदा वर्षांचा होता.

हा मुलगा मोठेपणी काय काय खेळला याची यादी वाचून दम लागतो. हॅम्पशायर काउंटीकडून हॉकी. विम्बल्डनच्या हिरवळीवर टेनिस. बॅडमिंटनमध्ये ऑल इंग्लंडची एकूण २१ विजेतेपदं: एकेरीची ४, दुहेरीची ९ आणि मिश्र दुहेरीची ८. पहिलं १९०३ सालचं, शेवटचं १९२८ सालचं. म्हणजे पंचवीस वर्षं हा माणूस कोर्टवरून हटला नाही. आणि हे सगळं चालू असताना संध्याकाळी सिटी ऑफ लंडन चेस क्लबात बुद्धिबळ!

आता तो डाव. तारीख २९ ऑक्टोबर १९१२. जर्मनीहून लंडनला आलेला एक तरुण क्लबात शिरला. नाव एडवर्ड लास्कर. (विश्वविजेता इमॅन्युएल लास्कर तो वेगळा.) हा आपल्याच जातकुळीतला, म्हणजे इंजिनिअर. पुढे अमेरिकेत जाऊन त्याने आईचं दूध काढून ठेवायचं यंत्र बनवलं आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्याचा फार उपयोग झाला. पण त्या दिवशी त्याला धड इंग्रजीही येत नव्हतं. क्लबातला नामांकित खेळाडू म्हणून थॉमस यांच्याशी त्याचा एक सहजचा डाव लागला. थॉमस यांच्याकडे काळे मोहरे होते.

अकराव्या चालीला लास्करने चक्क वजीर देऊन टाकला. किल्ल्यातलं कडेचं प्यादं वजिराने खाल्लं आणि काळ्या राजाला तो वजीर खावाच लागला. मग शहामागून शह. घोडा, पुन्हा घोडा, प्यादं, पुन्हा प्यादं, उंट, हत्ती. काळा राजा एकेक घर पुढे पळत पळत आपल्या किल्ल्यातून थेट शत्रूच्या पहिल्या ओळीत जाऊन पोचला. अठराव्या चालीला पांढऱ्याने आपला राजा फक्त एक घर बाजूला केला, मागच्या हत्तीची वाट मोकळी झाली, आणि मात! पटावर मांडून बघा. दहा मिनिटं लागतील, पण आठवडाभर डोक्यातून जाणार नाही.

मला जास्त आवडला तो त्यानंतरचा प्रसंग. इतक्या लोकांसमोर राजाची अशी धिंड निघालेली, समोर नवखा पोरगा. थॉमस यांनी शांतपणे त्याचं कौतुक केलं, डाव फार छान झाला असं सांगितलं. लास्करला ते कळलं नाही, तेव्हा बघ्यांपैकी कोणी तरी भाषांतर करून दिलं. लास्करला हे इतकं लागलं की पुढे आयुष्यभराच्या आठवणी लिहिताना त्याने ते आवर्जून लिहून ठेवलं. हरणाऱ्याने नशिबाला बोल लावायचा नाही, मी इथे हत्ती हलवला असता तर असं पुटपुटायचं नाही, हे त्याला नवीन होतं. खरं सांगू का, आपल्या कॉमन रूममध्येही ते नवीनच वाटेल. आपल्याकडे हरलेला गडी पुढचा अर्धा तास आपण कसे जिंकलोच होतो हे समजावून सांगतो.

हे वळण कुठून येतं? मला वाटतं, तिकडच्या हौशी खेळाच्या रचनेतून. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. काउंटी क्रिकेट आपल्याला माहीत असतं, पण काउंटी-काउंटींमध्ये बुद्धिबळाचे सांघिक सामनेही तिकडे शंभराहून जास्त वर्षं होत आले आहेत. एका लांबलचक खोलीत ओळीने पट मांडायचे. पहिल्या पटावर सगळ्यात तगडा खेळाडू, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. शेवटच्या पटांवर एखादा शाळकरी मुलगा आणि त्याच्यासमोर पेन्शनीत निघालेला मास्तर असंही होऊ शकतं. शेवटी सगळ्या पटांची बेरीज. पहिल्या पटावरचा अर्धा गुण आणि शेवटच्या पटावरचा अर्धा गुण यांची किंमत अगदी सारखी. त्यामुळे त्या शाळकरी पोराच्या डावाभोवतीही मोठी माणसं श्वास रोखून उभी राहतात. पैसा नाही, नोकरी नाही, पेपरात नाव आलंच तर बारीक अक्षरात. हौसेला मोल नसतं म्हणतात ना, तसं. आपल्याकडे हवशे-नवशे-गवशे म्हणताना हवशांना आपण उगाच खालच्या रांगेत बसवतो. तिकडे खेळ चालतो तो या हवशांच्याच जिवावर.

थॉमस हे या हवशांचे शिरोमणी. १९२३ साल बघा. मार्चमध्ये त्यांनी ऑल इंग्लंडची एकेरी सलग चौथ्यांदा जिंकली. त्याच उन्हाळ्यात साउथसी इथे ते बुद्धिबळाचे ब्रिटिश विजेते झाले. वय बेचाळीस. एकाच वर्षी बॅडमिंटन आणि बुद्धिबळ, दोन्हीकडे अव्वल! आपण एका सेमिस्टरला सबमिशन आणि गॅदरिंग एकत्र आलं तरी बोंब मारतो.

त्याच १९२३ मध्ये तिकडे मुलांची पहिली ब्रिटिश स्पर्धा झाली. ती स्टुअर्ट मिल्नर-बॅरी नावाच्या पोराने जिंकली. १९२६ मध्ये तोच मान ह्यू अलेक्झांडर नावाच्या पोराला मिळाला. दोघेही पुढे केंब्रिजकडून खेळले. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा बुद्धिबळ सामना १८७३ पासूनचा आहे, म्हणजे कॉलेजच्या पोरांनी चालवलेली ही परंपरा आपल्या बहुतेक कॉलेजांहून जुनी. हेस्टिंग्जलाच मॉस्कोहून आलेली व्हेरा मेन्चिक नावाची मुलगी राहत होती. १९२६ मध्ये तिने मुलींची स्पर्धा जिंकली आणि पुढच्याच वर्षी स्त्रियांची पहिली विश्वविजेती झाली. मोठमोठ्या पुरुष खेळाडूंना तिने हरवलं, त्यांत थॉमसही होते. ही नवी पिढी थॉमस यांच्या समोर बसून त्यांनाच हरवायला शिकत होती आणि ते दर वर्षी पुन्हा पट मांडून बसत होते.

अजून एक माणूस सांगायलाच हवा. पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचा मीर सुलतान खान. सर उमर हयात खान यांच्या पदरी असलेला हा माणूस मालकाबरोबर विलायतेला गेला आणि १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश स्पर्धा जिंकून बसला. १९३०, १९३१ आणि १९३३ च्या ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर हा सुलतान खान आणि त्याच संघात त्याच्या खालच्या पटावर बॅरोनेट सर जॉर्ज थॉमस! साल १९३०, म्हणजे इकडे दांडीयात्रा चाललेली. साहेबाच्या देशात नोकर वर आणि सरदार खाली बसल्याचं हे चित्र मला फार बोलकं वाटतं. पटाने लायकी मोजली, कूळ मोजलं नाही. पण पटावरून उठल्यावर जग होतं तसंच होतं. १९३३ च्या अखेरीस मालकाबरोबर सुलतान खान परत आला आणि त्याचं मोठ्या स्पर्धांमधलं बुद्धिबळ तिथेच संपलं. १९६६ मध्ये तो वारला. ग्रँडमास्टर ही मानाची पदवी त्याच्या नावाला लागली ती २०२४ मध्ये. हौशी म्हणून खेळत राहायलासुद्धा हाताशी मोकळा वेळ आणि चार पैसे लागतात. थॉमस यांच्याकडे ते होते, सुलतान खानाकडे नव्हते. थॉमस यांचं कौतुक करताना हे विसरून चालणार नाही.

सुलतान खान गेल्यावर १९३४ मध्ये ब्रिटिश विजेतेपद पुन्हा थॉमस यांच्याकडे आलं. आणि त्याच वर्षाअखेरीस हेस्टिंग्जला त्यांनी कमाल केली. नऊ डावांत साडेसहा गुण मिळवून ते यूवे आणि फ्लोर यांच्या बरोबरीने पहिले आले. यूवे पुढच्याच वर्षी विश्वविजेता झाला. माजी विश्वविजेता कापाब्लांका आणि भावी विश्वविजेता बोट्विनिक हे दोघे मागे राहिले, आणि त्या दोघांनाही थॉमस यांनी पटावर हरवलं होतं. वय त्रेपन्न!

याच १९३४ मध्ये आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ नऊ देशांनी मिळून स्थापन केला आणि थॉमस त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९५५ पर्यंत ते त्या खुर्चीवर होते. या खेळाचे सुरुवातीचे नियम आपल्या पुण्याच्या लष्करी छावणीत बसले, म्हणून त्याला काही काळ पूना हेच नाव होतं, हे जाता जाता सांगून ठेवतो. १९३९ मध्ये थॉमस यांनी देशादेशांच्या पुरुष संघांसाठी एक कप देऊ केला. तो हाच थॉमस कप.

पण त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. त्या वेळी थॉमस अर्जेंटिनात ब्यूनोस आयरेसला ऑलिंपियाड खेळत होते. संघात अलेक्झांडर, मिल्नर-बॅरी, गोलोम्बेक आणि वुड. प्राथमिक फेरी पार पडली आणि युद्धाची बातमी आली. इंग्लंडच्या संघाने अंतिम फेरीतून माघार घेतली. अलेक्झांडर, मिल्नर-बॅरी आणि गोलोम्बेक हे मायदेशी परतून ब्लेचली पार्कला जर्मन सांकेतिक संदेश फोडायच्या कामाला लागले. कॉम्प्युटरवाल्यांना हे नाव ठाऊक असेल. तिथे अॅलन ट्युरिंगनंतर त्याच्या विभागाची सूत्रं अलेक्झांडरने सांभाळली. शाळकरी वयात पट मांडणारी ही पोरं पुढे अशी कामाला आली. व्हेरा मेन्चिक मात्र १९४४ मध्ये आई आणि बहिणीसह लंडनमध्ये जर्मन उडत्या बॉम्बखाली गेली. स्त्रियांच्या ऑलिंपियाडचा चषक आज तिच्या नावाने आहे. २०२४ मध्ये बुडापेस्टला तो भारताच्या मुलींनी जिंकला, त्यांत आपली नागपूरची दिव्या देशमुख होती.

थॉमस कप दहा वर्षं वाट बघत राहिला. १९४९ मध्ये त्याची पहिली अंतिम लढत झाली आणि मलायाने डेन्मार्कला ८-१ असं हरवलं. त्या वेळी एका लढतीत नऊ सामने असत, आता पाच असतात. प्रत्येक सामना स्वतंत्र, शेवटी सगळ्यांची बेरीज. काउंटीच्या बुद्धिबळासारखंच नाही का? एकट्याचा पराक्रम पुरत नाही. दुसरी दुहेरी खेळणारी जोडीही तितकीच महत्त्वाची.

स्वतः थॉमस तो कप कधीच खेळले नाहीत. वय निघून गेलं होतं. साठी उलटली तरी बुद्धिबळ मात्र चालूच होतं. १९५० मध्ये त्यांना इंटरनॅशनल मास्टर ही पदवी मिळाली, १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय पंचाची. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे बॅरोनेटची गादी त्यांच्याबरोबरच संपली. २३ जुलै १९७२ रोजी ते वारले. तो रविवार होता. त्याच दिवशी आइसलँडमध्ये फिशर आणि स्पास्की यांच्या विश्वविजेतेपदाच्या सामन्यातला सहावा डाव झाला. फिशर इतका सुंदर खेळला की हरलेला स्पास्की प्रेक्षकांबरोबर उभा राहून टाळ्या वाजवू लागला. योगायोगच, दुसरं काय म्हणणार? पण १९१२ चा तो क्लब मला लगेच आठवला.

मी जेव्हा हिशोब मांडतो तेव्हा गंमत वाटते. माणसाने ऑल इंग्लंड एकवीसदा जिंकली, कापाब्लांकाला हरवलं, बोट्विनिकला हरवलं. आणि जगाने लक्षात काय ठेवलं? एक हरलेला डाव आणि एक न खेळलेला कप. एवढं नाव तर ज्यांनी त्यांना हरवलं त्या बहुतेकांचंही राहिलं नाही.

तेव्हा येत्या इंटर-हॉस्टेलला संघ निवडताना शेवटच्या पटासाठी माणूस मिळत नाही म्हणून नाव मागे घेऊ नका. फर्स्ट इयरच्या एखाद्या नव्या पोराला बसवा. तो हरेलही. हरला तर समोरच्याला हात देऊन डाव छान झाला म्हणायला शिकेल. आणि ते आधी आपल्यालाच शिकावं लागेल.