मधुमेहींचा आधारवड : डॉ. आर. डी. लॉरेन्स

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने आपल्या परंपरेत श्रेष्ठ मानली गेली आहेत. ही दाने वेगवेगळी सांगितली असली तरी प्रत्यक्षात ती एकमेकांना धरूनच असतात. घरात औषध आहे, पण ते कसे घ्यावे, किती घ्यावे, त्याबरोबर काय खावे याचे ज्ञान नाही, अशा रुग्णाला नुसत्या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. मधुमेहाच्या बाबतीत तर हे पदोपदी अनुभवास येते. ही गोष्ट ज्यांनी स्वतःच्या देहावर अनुभवली आणि त्या अनुभवातून हजारो रुग्णांसाठी एक संस्था उभी केली, ते डॉ. रॉबर्ट डॅनियल लॉरेन्स मधुमेहाच्या क्षेत्रात जगभर परिचित आहेत. मित्रमंडळीत ते रॉबिन या नावाने ओळखले जात.

त्यांचा जन्म दि. १८ नोव्हेंबर १८९२ रोजी स्कॉटलंडमधील ॲबरडीन या शहरी झाला. वडिलांचा ब्रश तयार करण्याचा कारखाना होता आणि बालमोरल येथील राणी व्हिक्टोरियाच्या निवासस्थानास ब्रश पुरविण्याचा मान त्या पेढीस मिळाला होता. घर व्यापारी असल्याने मुलानेही व्यापारात पडावे, असे वाटणे स्वाभाविकच होते. ॲबरडीन विद्यापीठातून इंग्रजी व फ्रेंच भाषांची पदवी घेतल्यावर रॉबिन लंडनला एका नातेवाइकाच्या कापडाच्या दुकानात कामास लागले. कापडाच्या धंद्यात नजर तयार होण्यास काही वर्षे जावी लागतात. हा तरुण मात्र अवघ्या काही आठवड्यांत गादीवरून उठला आणि वैद्यकीय शिक्षणासाठी पुन्हा ॲबरडीनला परतला. कापडधंद्याने एक उमेदवार गमावला खरा, पण तो योग्य ठिकाणी गेला असेच म्हणावे लागेल.

वैद्यकीय अभ्यासक्रमात त्यांनी शरीररचनाशास्त्र, औषधोपचार व शस्त्रक्रिया या विषयांत सुवर्णपदके मिळविली. हॉकी व टेनिसमध्ये विद्यापीठाचे प्रतिनिधित्व केले. सन १९१६ मध्ये ते सन्मानपूर्वक उत्तीर्ण झाले. ते दिवस पहिल्या महायुद्धाचे होते. सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल होऊन त्यांनी भारताच्या सरहद्दीवर सेवा बजावली आणि आमांशाने आजारी पडल्यामुळे १९१९ मध्ये ते मायदेशी परतले. प्रकृती सुधारल्यावर लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शल्यचिकित्सक म्हणून ते रुजू झाले. पुढे कान-नाक-घसा विभागात त्यांना बढतीही मिळाली. उत्तम शल्यचिकित्सक होण्याची सर्व चिन्हे दिसत होती.

आणि इथेच नियतीने त्यांच्या आयुष्याला वेगळे वळण दिले. कानामागील हाडाच्या शस्त्रक्रियेचा सराव ते मृतदेहावर करीत असताना हाडाची एक कपची उडून त्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. डोळ्यात जंतुसंसर्ग झाला. उपचारासाठी दाखल केले असता तपासणीत असे आढळले की, त्यांना मधुमेह आहे. त्या वेळी त्यांचे वय अवघे २८ वर्षांचे होते. त्या डोळ्याची दृष्टी कायमची अधू झाली व शस्त्रक्रियेचे क्षेत्र सोडावे लागले.

त्या काळी तरुण वयात मधुमेह होणे म्हणजे मृत्यूची तारीख ठरल्यासारखेच होते. उपाय एकच होता, तो म्हणजे उपासमारीच्या काठावर नेणारा आहार. त्या कडक आहाराने मरण थोडे पुढे ढकलले जाई, इतकेच. देह मात्र हाडांचा सापळा होई. लॉरेन्स यांनी तो आहार निष्ठेने पाळला, रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत डॉ. हॅरिसन यांच्या हाताखाली काम केले आणि तशाही स्थितीत एम.डी.चा प्रबंध पूर्ण केला. पण आपले दिवस भरत आले आहेत, हे डॉक्टर असल्याने त्यांना पुरते ठाऊक होते. घरच्यांच्या डोळ्यांदेखत मृत्यू येऊन त्यांना क्लेश होऊ नयेत, म्हणून ते इटलीतील फ्लॉरेन्स शहरी गेले व तेथे त्यांनी छोटासा दवाखाना थाटला. १९२२-२३ च्या हिवाळ्यात श्वासनलिकेचा दाह होऊन प्रकृती फारच ढासळली. पायांच्या नसांवर परिणाम होऊन चालणेही कठीण झाले.

याच सुमारास सातासमुद्रापलीकडे कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग, बेस्ट, कॉलिप व मॅक्लाउड यांच्या प्रयत्नांतून इन्सुलिन हाती आले होते. जानेवारी १९२३ मध्ये बँटिंग, बेस्ट व कॉलिप यांनी आपले हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी केवळ एक डॉलर घेऊन देऊन टाकले. व्यापारी दृष्टीने पाहता जगाच्या बाजारात याहून स्वस्त सौदा झाला नसेल. त्यांना अमाप संपत्ती मिळविता आली असती. विद्यापीठानेही ते धन स्वतःकडे दडवून ठेवले नाही. ब्रिटनमधील हक्क तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेकडे सोपविले. त्यामुळेच १९२३ च्या प्रारंभी किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये इन्सुलिन पोहोचू शकले. डॉ. हॅरिसन यांनी फ्लॉरेन्सला तार केली की, इन्सुलिन मिळाले आहे, ते गुणकारी आहे, त्वरित निघून यावे. लॉरेन्स तशा विकल अवस्थेत मोटारीने युरोप ओलांडून दि. २८ मे रोजी रुग्णालयात पोहोचले. तपासण्या होऊन ३१ मे १९२३ रोजी त्यांना पहिले इंजेक्शन देण्यात आले. दोन महिन्यांनी ते आपल्या पायांनी रुग्णालयाबाहेर पडले.

येथे जैन वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्यावाचून राहणार नाही आणि तो टाळणे योग्य नाही. इन्सुलिनचा शोध कुत्र्यांवरील प्रयोगांतून लागला आणि पुढे अनेक दशके ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांपासूनच काढले जात असे. अहिंसा हे जीवनाचे अधिष्ठान मानणाऱ्या कित्येक मधुमेहींना व त्यांच्या कुटुंबीयांना याची बोचणी लागून राहिली असेल. सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तयार केलेल्या मानवी इन्सुलिनला १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि त्यानंतर हळूहळू प्राणिजन्य इन्सुलिनचा वापर मागे पडत गेला. लॉरेन्स यांच्या काळात मात्र हा पर्याय नव्हता.

पुनर्जन्मच लाभलेल्या या डॉक्टरांनी उर्वरित आयुष्य मधुमेहींना वाहून घेतले. आपल्याला जे मिळाले ते इतरांपर्यंत कसे पोहोचेल, हाच त्यांचा ध्यास होता. त्या काळचे उपचार आजच्यासारखे सुटसुटीत नव्हते. काचेची पिचकारी व सुई उकळून घ्यावी लागे, परीक्षानळीत लघवी उकळून साखर तपासावी लागे, अन्न तराजूने तोलून खावे लागे. चुकून मात्रा जास्त झाली तर शुद्ध हरपण्याचा धोका. सुशिक्षित व सधन रुग्णाला हे शिकता येई. पण एका खोलीत संसार करणाऱ्या कामगाराने काय करावे? यासाठी लॉरेन्स यांनी आहाराची एक सोपी पद्धत बसविली. पिष्टमय पदार्थांचे ठराविक वाटे काळ्या रंगात व प्रथिने-स्निग्ध पदार्थांचे वाटे लाल रंगात दाखवायचे. एक काळा आणि एक लाल मिळून एक ओळ. डॉक्टरांनी ओळी ठरवून द्याव्यात आणि रुग्णाने यादीतून आपल्या आवडीचे वाटे निवडावेत. जमाखर्चाची वही लिहू शकणाऱ्या कोणालाही समजेल, असा हा हिशेब होता. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द डायबेटिक लाइफ' या त्यांच्या ग्रंथाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. त्यानंतर खास रुग्णांसाठी त्यांनी आणखी सोपे पुस्तक लिहिले.

किंग्ज कॉलेज हॉस्पिटल हे त्या काळी वर्गण्या व देणग्यांवर चालणारे रुग्णालय होते. तेथील मधुमेह विभागात गर्दी वाढत होती व साधने अपुरी पडत होती. लॉरेन्स यांच्या खासगी रुग्णांत इंग्लंडमधील सुप्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स यांचा समावेश होता. वेल्स यांनाही उतारवयात मधुमेह झाला होता. स्वतः सुखवस्तू असल्याने त्यांना उपचारांची वाण नव्हती. पण आपल्याला जे सहज मिळते ते गरीब मधुमेहीला का मिळू नये, हा विचार त्यांना पटला. लंडनच्या 'टाइम्स' वृत्तपत्रात पत्र लिहून त्यांनी श्रीमंत असो वा गरीब, सर्व मधुमेहींनी एकत्र येऊन परस्परांना साहाय्य करावे व या रोगाच्या अभ्यासास हातभार लावावा, असा मनोदय जाहीर केला. सन १९३४ मध्ये वेल्स यांच्या लंडन येथील निवासस्थानी काही डॉक्टर व काही रुग्ण एकत्र जमले आणि 'डायबेटिक असोसिएशन' स्थापन झाली. वेल्स अध्यक्ष झाले व लॉरेन्स कार्यकारिणीचे प्रमुख. ही जबाबदारी त्यांनी १९६१ पर्यंत, म्हणजे तब्बल २७ वर्षे सांभाळली.

या संस्थेचे वेगळेपण असे की, येथे देणारा एका बाजूस आणि घेणारा दुसऱ्या बाजूस, असे नव्हते. धनिक मधुमेहीही सभासद आणि गरीब मधुमेहीही सभासद. डॉक्टरही त्यांच्यातच बसलेले, आणि प्रमुख डॉक्टर तर स्वतःच रुग्ण! त्यामुळे मदत घेताना कोणाची मान खाली जाण्याचे कारण नव्हते. जमलेल्या पैशातून काय करावे, हेही ज्यांना रोग ठाऊक आहे तेच ठरवीत. जानेवारी १९३५ पासून संस्थेने स्वतःचे नियतकालिक सुरू केले. त्यात लॉरेन्स स्वतः पुष्कळ लिहीत, बहुतेक वेळा नाव न घालता. मधुमेही मुलांसाठी सुट्टीतील शिबिरे भरविण्यात आली. घरापासून दूर असतानाही इंजेक्शन घेऊन खेळता-बागडता येते, हे त्या मुलांना तेथे प्रथमच कळले; त्यांच्या मातांनाही थोडी उसंत मिळाली. दुसऱ्या महायुद्धात अन्नाचे रेशनिंग झाले तेव्हा मधुमेहींना साखरेच्या वाट्याऐवजी दुसरे अन्न मिळण्याची सोय झाली.

रोग लपविण्याची वृत्ती तेथेही होतीच. नोकरी जाईल, लग्न मोडेल या भीतीने लोक मधुमेहाचा उच्चार टाळीत. आपल्याकडेही विवाह ठरविताना ही गोष्ट झाकून ठेवली जाते, हे कटू असले तरी सत्य आहे. मधुमेही माणूस योग्य उपचार घेऊन सर्वसामान्यांप्रमाणे काम करू शकतो, हे संस्थेने सतत सांगितले. लॉरेन्स यांचा स्वतःचा विवाह १९२८ मध्ये झाला व त्यांना तीन पुत्र झाले. मधुमेही स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी डॉ. ओकली यांच्यासमवेत त्यांनी केलेले कार्यही महत्त्वाचे मानले जाते.

दि. ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली व औषधोपचार सरकारी खर्चाने मिळू लागले. आता देणग्यांची गरज काय, असे कित्येकांना वाटले असल्यास नवल नाही. परंतु सरकार औषध देऊ शकते. घाबरलेल्या मातेला धीर देणे, मुलांना आठ दिवस शिबिरात सांभाळणे, नव्या संशोधकाला पहिली संधी देणे ही कामे शिल्लकच होती आणि संस्था ती करीत राहिली. सन २००० पासून ती 'डायबेटीस यूके' या नावाने ओळखली जाते. देणगीदारांच्या पैशातून आणि मृत्युपत्रांद्वारे येणाऱ्या रकमांतून तिचे मोठे कार्य चालते. तिच्यातर्फे तरुण शास्त्रज्ञांना दिली जाणारी एक अभ्यासवृत्ती लॉरेन्स यांच्याच नावाने आहे.

निरनिराळ्या देशांतील अशा संस्थांना एकत्र आणून १९५० मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ स्थापन झाला. त्याचे पहिले अध्यक्ष लॉरेन्स हेच होते. भारतात १९५५ साली मुंबईत 'डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया' स्थापन झाली आणि माहीमचे रहेजा रुग्णालय या संस्थेशी निगडित असल्याचे मुंबईतील अनेकांना माहीत आहे. इन्सुलिनची जन्मभूमी असलेल्या टोरांटोच्या विद्यापीठाने १९६४ मध्ये लॉरेन्स यांना सन्माननीय पदवी दिली. ज्या चौघांच्या प्रयत्नांतून त्यांना जीवन मिळाले, त्यांपैकी चार्ल्स बेस्ट हे तोवर त्यांचे जिवलग मित्र झाले होते.

दि. २७ ऑगस्ट १९६८ रोजी लंडन येथे राहत्या घरी त्यांचे निधन झाले. वयाची ७५ वर्षे पूर्ण झाली होती. पहिल्या इंजेक्शननंतर ते ४५ वर्षे जगले.