सुरुंग फसला, मग उशिरा उडाला: माहीम ते वसई, चिमाजीअप्पांच्या मोहिमेची गोष्ट

माहीम म्हटलं की बहुतेकांना मुंबईचं माहीम आठवतं. दर्गा, हलवा आणि लोकल. पण पालघर स्टेशनवर उतरून समुद्राच्या दिशेनं निघालात की आणखी एक माहीम लागतं. शेजारच्या केळव्याबरोबर जोडीनं नाव घेतात म्हणून केळवे-माहीम. नारळ-सुपारीच्या वाड्या, पानवेली आणि गावातच एक छोटा किल्ला. एकेकाळी हे तालुक्याचं गाव होतं.

केळव्याला येणारे बरेच पर्यटक हा किल्ला न बघताच परत जातात. पण 1739 च्या जानेवारीत पेशव्यांचे धाकटे बंधू स्वतः फौज घेऊन इथं उतरले होते. त्यांचं नाव चिमाजीअप्पा.

चिमाजीअप्पा म्हणजे बाजीरावांचे भाऊ आणि वसई जिंकणारा माणूस, एवढं आपल्याला शाळेत शिकवतात. ही वसई घेताना त्यांची गाठ पोर्तुगीजांशी होतीच, पण त्यासोबत आणखी एका शत्रूशी होती. वेळेवर पेट न घेणाऱ्या दारूशी.

बाजीरावांच्या मागे उभा असलेला भाऊ

भट घराणं मूळचं श्रीवर्धनचं. सिद्दीच्या जाचामुळे बाळाजी विश्वनाथ कोकण सोडून घाटावर आले आणि 1713 मध्ये शाहू महाराजांचे पेशवे झाले. त्यांना आणि राधाबाईंना दोन मुलगे. थोरले बाजीराव 1700 चे, तर चिमाजी साधारण 1707 चे. भिऊबाई आणि अनुबाई या दोघी बहिणी.

1720 मध्ये बाळाजी विश्वनाथ गेले आणि पेशवेपद विशीतल्या बाजीरावांकडे आलं. चिमाजी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे असतील. पुढची वीस वर्षं या दोघांची कामाची वाटणी जवळपास ठरून गेली. बाजीराव मोहिमेवर असायचे. साताऱ्याचा दरबार सांभाळणं, पैशाची जुळवाजुळव, सरदारांची समजूत आणि मागच्या आघाडीचा बंदोबस्त हे चिमाजीअप्पांकडे. घरात रागावणारे, समजावणारे आणि हिशोब ठेवणारेही तेच.

म्हणून ते फक्त कागदावरचे कारभारी होते असं समजू नका. नोव्हेंबर 1728 मध्ये माळव्यात अमझेऱ्याला त्यांनी मोगलांचा सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा नातेवाईक दया बहादूर यांचा पराभव केला. दोघेही त्या लढाईत मारले गेले आणि माळव्याचं दार मराठ्यांना उघडलं. 1736 मध्ये कोकणात सिद्दी सातशी लढाई झाली. त्यात सिद्दी सात मारला गेला आणि जंजिऱ्याच्या सिद्दीचा जोर मोडला.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट कायम सोबत होती. आजारपण. छातीचं दुखणं त्यांचा पिच्छा सोडत नव्हतं. त्यात 1730 मध्ये मुलगा सदाशिव जन्मला आणि महिनाभरातच पत्नी रखमाबाई गेल्या. हा सदाशिव म्हणजे पुढे पानिपतावर गेलेले सदाशिवरावभाऊ. त्यांना आजी राधाबाईंनी वाढवलं.

माहीम आणि तारापूर का महत्त्वाचे होते?

साष्टीपासून दमणपर्यंतचा किनारा तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि त्याची राजधानी होती वसई. धर्माच्या नावाखाली होणारा जाच, जमिनी आणि खाड्यांवरचं नियंत्रण अशा कारणांमुळे इथली स्थानिक मंडळीच मराठ्यांना बोलावत होती.

1737 च्या मार्चमध्ये चिमाजीअप्पांनी ठाणं आणि साष्टी घेतली. पण वसई काही हाती लागेना. 1738 मध्ये माहीमलाही वेढा घातला, पण समुद्रातून पोर्तुगीजांची कुमक आली आणि मराठ्यांना तिथून मार खाऊन हटावं लागलं.

इथं एक साधं गणित लक्षात घ्या. वसईच्या उत्तरेला केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू अशी ठाण्यांची माळ होती. ही ठाणी पोर्तुगीजांकडे आहेत तोवर वसईला वेढा घालणाऱ्या फौजेची पाठ उघडी. म्हणून 1738 संपता संपता चिमाजीअप्पा स्वतः कोकणात उतरले आणि आधी ही माळ तोडायला घेतली.

जानेवारी 1739 मध्ये माहीम पडलं. वर्षभरापूर्वी जिथून माघार घ्यावी लागली होती तिथं मराठ्यांचं निशाण लागलं. लगोलग आजूबाजूची ठाणी आली आणि महिना संपायच्या आत तारापूरही. आज तारापूर म्हटलं की अणुऊर्जा केंद्र आणि बोईसरची एमआयडीसी आठवते, पण तेव्हा तिथला तट फोडायला सुरुंग लावले होते. आतल्या लोकांनी शर्थ केली. भगदाडातून आणि शिड्यांवरून मराठे आत घुसले, आणि त्या गर्दीत बाजी भीवराव रेठरेकर गोळी लागून पडले. पेशव्यांच्या घरच्यासारखा असलेला हा सरदार. त्यांच्या आईला बाजीरावांनी सांत्वनाचं पत्र लिहिलं. बाजी गेला, आता त्याच्या जागी मला समजा, असा त्याचा आशय होता.

सुरुंग म्हणजे नेमकं काय?

वसईचा किल्ला तीन बाजूंनी पाण्यानं वेढलेला. जमिनीची बाजू एकच, आणि तीही वाळूची. तोफा मारून तट पडेना, म्हणून उपाय उरला सुरुंगाचा.

आपल्या मोर्चापासून जमिनीखालून बोगदा खणत थेट तटाच्या पायाखाली जायचं. तिथं खोलीएवढी पोकळी करून दारूची पिंपं भरायची. बोगद्याचं तोंड माती-दगडांनी घट्ट बुजवायचं, नाहीतर स्फोटाचा जोर तट सोडून मागे येतो. बुजवताना दारूची एक बारीक वाट किंवा वात बाहेरपर्यंत आणायची. तिला बत्ती दिली की आग आत जाते आणि तट उडतो.

कागदावर सोपं वाटतं, पण या वाटेवर फसायच्या जागा किती ते बघा. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचं मिश्रण, त्यात साधारण तीन चतुर्थांश सोरा. सोरा नीट शुद्ध केलेला नसेल तर हवेतला ओलावा शोषतो. त्यात समुद्रकाठची जमीन, थोडं खणलं की पाणी. बोगदा बुजवताना वात चेपली किंवा तुटली तर आग मध्येच विझते. सगळ्यात वाईट म्हणजे वात विझत नाही, नुसती धुमसत राहते. बाहेरच्याला वाटतं सुरुंग फसला, आणि आत आग हळूहळू पुढे सरकत असते.

मे 1739: घात झाला तो क्षण

फेब्रुवारीपासून वेढा चालू होता. बाजीराव नादिरशहाच्या स्वारीमुळे उत्तरेकडे नजर ठेवून होते. वसईसमोर चिमाजीअप्पांसोबत मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, मानाजी आंग्रे अशी मंडळी होती. पोर्तुगीजांचा सेनानी सिल्व्हेरा द मेनेझिस वेढ्यातच मारला गेला आणि कायतानो द सौझा परेराने सूत्रं हाती घेतली. आतला पैसाही संपत आला होता. मुंबईच्या इंग्रजांनी त्यांना जेमतेम 15 हजार रुपये दिले, तेही गहाण ठेवून घेऊन.

पावसाळा तोंडावर आला होता. एकदा पाऊस पडला की दारू, बोगदे, मोर्चे, सगळ्यावर पाणी. त्यामुळे घाई होती. किल्ला पडत नसेल तर मला तोफेच्या तोंडी देऊन आत फेका, असं चिमाजीअप्पा चिडून म्हणाले, ही आख्यायिका याच दिवसांची.

मेच्या सुरुवातीला सुरुंगांना बत्ती दिली गेली. काही उडाले आणि तटाला भगदाड पडलं. काही उडालेच नाहीत. भगदाड दिसल्यावर मराठे तिकडे धावले. ते तटावर चढत असतानाच फसला असं वाटलेला सुरुंग पायाखाली उडाला. शेकडो माणसं आपल्याच दारूनं गेली. वरून पोर्तुगीजांनी हातबाँब आणि बंदुकांचा मारा केला आणि भगदाड पुन्हा बुजवायला घेतलं.

एवढं होऊनही हल्ला थांबला नाही. पुन्हा सुरुंग, पुन्हा चढाई. शेवटी सॅन सेबॅस्टियनचा बुरूज मराठ्यांच्या हाती आला. लढायला माणसं आणि दारूगोळा उरला नाही तेव्हा आतून तहाचं निशाण आलं. मराठी पुस्तकांत ही तारीख 4-5 मे अशी सापडते आणि पोर्तुगीज कागदांत 16 मे. घोळ नाही, दोन कॅलेंडरांमध्ये तेव्हा 11 दिवसांचा फरक होता.

या वेढ्यात मराठ्यांचे 5 हजारांच्या वर लोक मेले किंवा जखमी झाले. तरीही चिमाजीअप्पांनी कापाकापी होऊ दिली नाही. पोर्तुगीजांना शस्त्रं आणि सामान घेऊन सन्मानानं बाहेर जाऊ दिलं, त्यासाठी आठवड्याची मुदत दिली. इथल्या चर्चच्या घंटा पुढे महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच. मोहिमेआधी वज्रेश्वरीला केलेला नवसही फेडला गेला.

मग बार फसला तर करायचं काय?

बार न उडणं आणि बार उशिरा उडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पहिल्या काही सेकंदांत दोन्ही अगदी सारख्या दिसतात. वसईत जीव गेले ते यामुळे. आणि हा प्रश्न 1739 मध्येच संपला असंही नाही.

आज एखाद्यानं परवाना काढून नवंकोरं रिव्हॉल्व्हर घेतलं, रेंजवर चाप ओढला आणि नुसता टक आवाज आला, तर पहिला नियम एकच. नळी समोरच्या सुरक्षित दिशेलाच ठेवायची आणि निदान अर्धा मिनिट थांबायचं. लगेच दुसऱ्यांदा चाप ओढायचा नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचं चक्र फिरतं. दुसऱ्यांदा चाप ओढला की फसलेलं काडतूस नळीसमोरून बाजूला सरकतं. ते तिथं उशिरा उडालं तर गोळीला बाहेर जायला वाटच नसते. फुटतं ते हत्यार आणि चालवणाऱ्याचा हात.

थांबून झालं की काडतूस बाहेर काढून त्याच्या मागची टोपी बघायची. टोपीवर ठोक्याची खूण नीट खोल असेल तर दोष बहुधा काडतुसात. जुनं असेल, ओल लागली असेल. खूण उथळ असेल तर दोष हत्यारात. घोड्याची स्प्रिंग कमजोर, नाहीतर आत नवेपणीचं घट्ट ग्रीस साचलेलं. दुसऱ्या कंपनीच्या काडतुसांवरही तेच झालं, तर घरी खोलत न बसता परवानाधारक कारागिराकडे किंवा जिथून घेतलं तिथं द्यायचं.

चिमाजीअप्पांच्या माणसांकडे ते अर्धं मिनिट नव्हतं. भगदाड उघडं होतं आणि आतले लोक ते बुजवणार होते. थांबलं तर संधी जाते, धावलं तर सुरुंग उडतो. वेढ्यातल्या सेनापतीला हा हिशोब माणसांच्या जिवात करावा लागतो.

पुढे काय झालं?

1739 च्या जुलैमध्ये इंग्रजांचा वकील कॅप्टन इंचबर्ड वसईला आला आणि तह झाला. मुंबईचे इंग्रज आता मराठ्यांना शेजारी म्हणून गंभीरपणे घ्यायला लागले होते.

घरी मात्र शांतता नव्हती. मस्तानीवरून कलह पेटला होता आणि तिला नजरकैदेत ठेवण्यात नानासाहेबांबरोबर चिमाजीअप्पांचाही हात होता. त्यांच्या आयुष्यातली ही बाजू झाकून चालत नाही. एप्रिल 1740 मध्ये रावेरखेडीला बाजीराव गेले. पेशवेपद नानासाहेबांना मिळावं म्हणून चिमाजीअप्पा पाठीशी उभे राहिले. पण शरीर थकलं होतं. 17 डिसेंबर 1740 ला त्यांचा मृत्यू झाला, थोरल्या भावानंतर आठ महिन्यांच्या आत. वय जेमतेम 33. दुसऱ्या पत्नी अन्नपूर्णाबाई सती गेल्या.

पुण्यात मुठेच्या काठी ओंकारेश्वराजवळ त्यांची समाधी आहे. वसईच्या किल्ल्यात त्यांचं स्मारक आहे. माहीमच्या किल्ल्यापाशी मात्र अशी गर्दी नसते. पुढच्या वेळी केळव्याला गेलात की बीचवरून परतताना दहा मिनिटं काढून तो तट बघून या. वसईचा रस्ता आधी इथून मोकळा झाला होता.