चाकांची जोडी फोडणारा माणूस : हान्स लेडविंका

थार की जिम्नी, हा वाद पेटला की एक मुद्दा येतोच. जिम्नीला पुढे सॉलिड ॲक्सल आहे, थारची पुढची चाकं सुटी सुटी हलतात. हा वाद शंभर वर्षं जुना आहे आणि सुट्या चाकांच्या बाजूने उभं राहिलेलं मोठं नाव म्हणजे हान्स लेडविंका.

जन्म १८७८, व्हिएन्नाजवळचा. नोकरी मोराव्हियातल्या एका कारखान्यात, तोच पुढे टाट्रा झाला. तेव्हा समोरासमोरची दोन चाकं एकाच आडव्या दांड्यावर असायची. एक दगडावर चढलं की दुसरंही कलायचं. १९२३ च्या टाट्रा ११ मध्ये लेडविंकांनी चॅसिसची चौकटच काढून टाकली. मधोमध एक जाड नळी, तिच्या पोटात शाफ्ट आणि मागे दोन्ही बाजूंना वेगवेगळे झुलणारे अर्धे ॲक्सल. गंमत म्हणजे पुढचा ॲक्सल त्यांनीही सॉलिडच ठेवला होता! नंतरच्या टाट्रा ट्रकांना पुढेही झुलते ॲक्सल आले. खोट एकच. वेगात वळलं की चाक आत दुमडायचं आणि गाडी हाताबाहेर जायची. चिखलात तेवढा वेग कोण घेतो म्हणा.

दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनांना साथ दिल्याच्या आरोपावरून चेकोस्लोव्हाकियाने त्यांना तुरुंगात टाकलं. १९५१ मध्ये सुटले तेव्हा सत्तरी उलटली होती. टाट्रात ते परत गेलेच नाहीत. १९६७ मध्ये म्युनिकला वारले.

मुलगा एरिक यांनी मात्र तीच नळी, तेच झुलते ॲक्सल घेऊन १९५९ मध्ये ऑस्ट्रियात हाफलिंगर ही डोंगरी गाडी आणली. आपल्या लष्कराचे टाट्रा ट्रकही याच नळीवर उभे आहेत.