कूस बाईची, निर्णयही बाईचाच

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म 14 जानेवारी 1882 चा. जन्माने ब्राह्मण, महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. गप्प बसले असते तर मानमरातब चालून आला असता. पण 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले. विल्सन कॉलेजला ते रुचले नाही. 1925 मध्ये कर्व्यांनी नोकरी सोडली, काम सोडले नाही. जुलै 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि 1953 साली मरेपर्यंत चालवले. पत्नी मालतीबाईंनी या संसाराची झळ सोसली.

मूल हवे की नको, हे बाईने ठरवावे आणि त्याचे साधन तिच्या हाती असावे, हा त्यांचा आग्रह होता. सनातन्यांनी अश्लीलतेचे खटले भरले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला बॅरिस्टर म्हणून उभे राहिले ते आमचे बाबासाहेब! खटला हरला, दंड झाला. विचार हरला नाही. 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. रोहम यांनी मांडलेल्या या ठरावामागचे भाषण बाबासाहेबांनीच लिहिले होते. सभागृहाने तो फेटाळला.

वऱ्हाडने मात्र हा विचार उचलला. 20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या दलित महिला परिषदेच्या अध्यक्षा होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायांसमोर त्यांनी संततिनियमनाची बाजू घेतली. हा वारसा आम्ही विसरलो तर कसे चालेल?

कर्व्यांच्या काळी बाईच्या हाती रबरी टोपी होती. आज संप्रेरकाची रिंग आहे. ही मऊ कडी बाई स्वतः योनीत बसवते. तीन आठवडे आत, एक आठवडा बाहेर. तिच्यातून पाझरणाऱ्या संप्रेरकांमुळे स्त्रीबीज सुटत नाही. रोज गोळी घ्यायची आठवण ठेवावी लागत नाही. मात्र रक्तात गुठळी झालेली, रक्तदाब असलेली, पस्तिशीपुढची तंबाखू ओढणारी बाई किंवा अंगावर पाजणारी नवी बाळंतीण, यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय ती वापरू नये. एचआयव्ही आणि गुप्तरोगांपासून रिंग वाचवत नाही. त्यासाठी निरोधच हवा. रिंग विकत घ्यावी लागते, पण माला-एन, छाया, अंतरा, तांबी सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

तरीही अकोला-अमरावतीच्या वस्त्यांत मजुरी करणाऱ्या आमच्या बहिणीपुढे बहुधा एकच वाट ठेवली जाते: दोन लेकरे झाली की ऑपरेशन. तेही तिचेच! पुरुषाची नसबंदी सोपी असूनही नवरा मागे सरतो. निवड न सांगता दिलेले साधन म्हणजे हक्क नव्हे, हुकूम आहे.

म्हणून दवाखान्यात गेल्यावर बहिणींनी सगळे उपाय विचारावेत, आणि भावांनी सोबत जावे. जयंतीच्या मंचावर कर्व्यांचे नाव घेणे सोपे आहे. त्यांचा विचार आधी आमच्या घरात आला पाहिजे.